दुसऱ्या फ्लॅटचं गणित

२०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली होती. त्यांतली काही मोडकळीला आलेली असतील, काही गिऱ्हाइकाची वाट पाहत असतील. पण कुलूप लावून ठेवलेलं दुसरं घर हा प्रकार आपल्याला जनगणनेशिवायही माहीत आहे. नात्यात नाहीतर ओळखीत असं एक कुटुंब असतंच: राहायला कोथरूडला, वाकडला फ्लॅट घेऊन ठेवलेला, महिन्यातून एकदा खिडक्या उघडायला आणि झुरळांचं औषध मारायला कुणीतरी जाऊन येतं. भाड्याने का देत नाही म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आणि भाडेकरू बसला म्हणजे?"

ही भीती हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे. पण भाड्यासाठी म्हणून घर घेणाऱ्याने आज खरं भ्यायला हवं ते दुसऱ्याच गोष्टीला. कायदा लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ जास्त मालकाच्या बाजूला आलाय, आणि आकडे लोकांना वाटतात त्याहून पुष्कळ जास्त त्याच्या विरोधात गेलेत. आपण रात्र रात्र जागतो ती भाडेकरूच्या काळजीने, आणि बुकिंगचा चेक मात्र सँपल फ्लॅट बघून आल्या संध्याकाळी फाडतो.

आधी भीतीचं बघू. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून टाकलं. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंही होतं. पण टंचाई संपेपर्यंतचा म्हणून आणलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत पन्नास वर्षं टिकला. गिरगावच्या चाळीत किंवा सदाशिव पेठेतल्या वाड्यात येणाऱ्या भाड्यातून मालकाला जिन्यातला बल्ब बदलणंही जिवावर येऊ लागलं. वाडे खचले, पागडी फोफावली. मग मालकांनी पळवाट काढली. भाडेकरू म्हणून ठेवायचंच नाही, 'लीव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे नुसत्या वापराच्या परवान्यावर जागा द्यायची. सरकारने तीही बंद केली. १९७३च्या दुरुस्तीने, त्या वर्षी १ फेब्रुवारीला ज्या ज्या परवानाधारकाच्या ताब्यात जागा होती त्याला संरक्षित भाडेकरू ठरवलं. 'भाडेकरू बसतो' हे घराघरांत पक्कं झालं ते या दुरुस्तीनंतर. आजचा पन्नाशीचा माणूस कुलूप घालतो तेव्हा त्याच्या हाताला आजोबांचा अनुभव असतो.

हे चित्र महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ने बदललं. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंना त्यातही संरक्षण राहिलं आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली; जुन्या इमारतींचं दुखणं त्याने मिटलं नाही, तो वेगळा विषय. नव्याने घर देणाऱ्याला मात्र कलम २४ने मोठं हत्यार दिलं. राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडायची. न सोडल्यास मालकाने दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं फेऱ्या न मारता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. लेखी करारात जे नमूद आहे ते तिथे निर्णायक पुरावा धरलं जातं आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई लागते. प्रत्यक्षात यालाही महिने लागतात. पण महिने आणि पिढ्या यांत फरक आहे. ही सोय फक्त राहत्या जागेला आहे; दुकानाचा गाळा देताना तिच्या भरवशावर राहू नये.

या हत्याराची अट एकच: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. इथेच 'अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट' नावाची समजूत आडवी येते. १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती, म्हणून ती चुकवायला देशभर अकरा महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात तिला आता काही अर्थ उरलेला नाही. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५प्रमाणे करार दोन महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी भाडेकरूची नाही, मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर. पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारून 'झालं आपलं काम' म्हणणारे हजारो मालक आजही आहेत. आपल्या हाताने आपलं हत्यार बोथट करणं म्हणतात ते हेच.

आणि वाचवतात तरी किती? मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर पाव टक्का. परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्या रकमेत मिळवायचं. २२,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट, अकरा महिने, म्हणजे मुद्रांक सहा-सातशे रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. हाच पाव टक्क्याचा दर साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला चालतो. म्हणून दरवर्षी एजंटला बोलावण्यापेक्षा दोन किंवा तीन वर्षांचा, वार्षिक वाढ आधीच लिहिलेला करार केलेला बरा.

त्यासाठी निबंधक कार्यालयाच्या रांगेतही उभं राहावं लागत नाही. एजंट संध्याकाळी घरीच येतो. टीपॉयवरची वर्तमानपत्रं बाजूला सारून लॅपटॉप ठेवतो, अंगठ्याचं छोटं यंत्र जोडतो, वेबकॅम चेहऱ्यासमोर धरतो. मालक, भाडेकरू, दोन साक्षीदार, सगळ्यांचे आधार क्रमांक आणि अंगठे. धुण्याभांड्यांत आयुष्य गेलेल्या काकूंच्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत, मग "काकू, हात जरा पुसून घ्या… आता दुसरं बोट लावा" असं दोन-चारदा होतं, आणि हिरवा दिवा लागला की सगळे एकदम हुश्श करतात. अर्ध्या तासात चहासकट काम संपतं. त्या अर्ध्या तासात करार मात्र एकदा मोठ्याने वाचून घ्यावा. नोटीस किती दिवसांची, लॉक-इन किती, मेंटेनन्स कोणी भरायचा, या तीन ओळी एजंटच्या कॉम्प्युटरमध्ये मागच्या गिऱ्हाइकाच्या राहून गेलेल्या असू शकतात.

आता ज्याला भ्यायचं त्याच्याकडे वळू. पुण्याच्या पश्चिम उपनगरातला एक टू बीएचके घेऊ. आकडे हिशेबापुरते आहेत, तुमचे घालून पाहा. किंमत ७० लाख. लोक इथेच थांबतात: भाडं २२,०००, वर्षाचे २ लाख ६४ हजार, म्हणजे पावणेचार टक्के, वर भाव वाढणार तो वेगळाच. पण घर ७० लाखांत येत नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. खरेदी फक्त बाईच्या नावाने केली तर त्यात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी ३०,०००. मग पंखे, दिवे, गिझर, किचन ट्रॉली, दोन कपाटं, बाल्कनीला ग्रिल आणि कपडे वाळत घालायच्या दांड्या, कारण यांच्याशिवाय त्या भाड्याचा भाडेकरू येत नाही. काटकसरीने २ लाख ८० हजार धरू. एकूण ७८ लाख.

आता भाड्यातून काय काय जातं? एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत सरासरी वर्षाला एक महिना रिकामा: २२,०००. सोसायटीचा मेंटेनन्स महिना तीन हजार, आणि भाड्यात तो धरलेलाच असतो: ३६,०००. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क. २००१च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही: साधारण ३,६००. (याहून जास्त मागणाऱ्या सेक्रेटरींची कमी नाही. त्यांना आदेश नम्रपणे दाखवावा.) मिळकतकर १४,०००. रंग, नळ, गिझरची कॉइल, वर्षाची सरासरी १२,०००. एजंट आणि करारनामा १०,०००. बेरीज ९७,६००. हातात उरले १ लाख ६६ हजार, तेही ७८ लाखांवर. टक्केवारी काढली तर दोन टक्के आणि थोडी चिल्लर.

अजून प्राप्तिकर बाकी आहे. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्या रकमेवर दुरुस्तीखर्चापोटी सरसकट तीस टक्के वजावट मिळते, खर्च दाखवा अगर न दाखवा. मेंटेनन्सची वेगळी वजावट नाही. तीस टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाने कर्ज न काढता घर घेतलं असेल तर आपल्या उदाहरणात सेससकट सुमारे ५०,००० कर बसतो. उरले १ लाख १७ हजार. दीड टक्का!

"पण आम्ही कर्ज काढणार, हप्ता भाड्यातून जाईल." हे वाक्य बिल्डरच्या ऑफिसात जितक्यांदा बोललं जातं तितक्यांदा तिथला सेल्समन मान डोलावतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरत नाहीत. म्हणजे कर्ज ५६ लाख आणि खिशातून २२ लाख. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता सुमारे ४८,६०० येतो. महिन्याला निव्वळ भाडं पडतं १३,९००. उरलेले ३४-३५ हजार दर महिन्याला पगारातून. पहिल्या वर्षी हप्त्यातले ४ लाख ७० हजारांच्या आसपास नुसतं व्याज असतं. जुन्या करपद्धतीत घराचा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो. नव्या पद्धतीत व्याजाची वजावट त्या घराच्या भाड्यापुरतीच, तोटा पगाराला लावता येत नाही. करासाठी दुसरं घर घ्या हा सल्ला त्यामुळे बराचसा शिळा झालाय.

मग हे घर परवडायला भाव किती वाढायला हवा? व्याज ४ लाख ७० हजार, त्यातून निव्वळ भाडं वजा, उरले सुमारे ३ लाख. स्वतःचे २२ लाख सात टक्क्यांच्या मुदतठेवीत असते तर दीड लाख आले असते, तेही मिळवा. साडेचार लाखांच्या वर गेलं. म्हणजे ७० लाखांच्या घराची किंमत वर्षाला साडेसहा टक्के वाढली तर, दोन्हीकडचा कर बाजूला ठेवून, आपण बँकेत पैसे ठेवून स्वस्थ बसणाऱ्याच्या बरोबरीला आलो. त्याच्या पुढे जे वाढेल ती कमाई. काही भागांत, काही वर्षं, भाव यापेक्षा कितीतरी जास्त वाढलेत; काही भागांत सात-आठ वर्षं जागचे हललेले नाहीत. ज्याला हा आकडा माहीत आहे त्याने खुशाल घर घ्यावं. माझा आक्षेप आकडा न काढता घेण्याला आहे.

हेच गणित उलटं वाचलं की काय घ्यायचं तेही कळतं. घराची किंमत ठरते पुढे काय होईल या आशेवर: मेट्रो येणार, रिंग रोड होणार. भाडं ठरतं आज ऑफिसला पोचायला किती मिनिटं लागतात आणि नळाला पाणी किती वेळ येतं यावर. भाडेकरू स्विमिंग पूलचे पैसे देत नाही. ते मालकच देतो, आधी किमतीत आणि मग जन्मभर मेंटेनन्समध्ये. म्हणून सुरुवात करणाऱ्याने नव्या टॉवरमधल्या टू बीएचकेपेक्षा कंपन्यांच्या किंवा कॉलेजांच्या जवळच्या, पंधरा-वीस वर्षं जुन्या, भक्कम सोसायटीतल्या वन बीएचकेकडे आधी बघावं. दर्शनी भाग मळलेला असतो, लिफ्ट करकरते, पण किंमत बरीच खाली येते आणि भाडं त्या मानाने फार उतरत नाही. तयार घराला भाडं पहिल्या महिन्यापासून सुरू होतं. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर एक टक्का), पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो नाही.

भाड्यावर खरा पैसा कोण करतं हे बघायचं असेल तर चाकण, वाळूज किंवा अंबडच्या एमआयडीसीभोवती फिरावं. घराशेजारच्या जागेत एका ओळीत आठ-दहा खोल्या, प्रत्येकीत दोन-तीन कामगार, कोपऱ्यावर नळ. तिथल्या मालकाला जमीन वाडवडिलांची, फुकटात आलेली, त्यामुळे त्याच्या टक्केवारीशी आपण बरोबरी करू शकत नाही. ते बघून गुंठ्यावर उभी केलेली, परवानगी नसलेली खोली 'जास्त भाडं येतं' म्हणून विकत घेणाऱ्यांनी मात्र थांबावं. तिला बँक कर्ज देत नाही आणि विकायला गेलं की गिऱ्हाईकही वकील घेऊन येतं.

कागदपत्रांत भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू, सोसायटीचं भागप्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल, एवढं तरी पाहावं. चालू प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर तो नोंदलेला आहे का, ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीय, हे दहा मिनिटांत कळतं. कागदावर नसलेली एक गोष्ट वॉचमनला विचारावी: मे महिन्यात दिवसाला टँकर किती येतात? पुण्याच्या नव्या उपनगरांत या एका उत्तरावर मेंटेनन्स दुप्पट होतो, आणि भाडेकरू सहा महिन्यांत दुसरं घर शोधायला लागतो.

भाडेकरू कसा निवडायचा? जात, धर्म, आडनाव, ताटातलं मासे-मटण आणि 'बॅचलर नकोत' या चाळण्या लावून आपण निम्मी गिऱ्हाइकं दारातून परत पाठवतो, आणि मग घर तीन महिने रिकामं राहिलं म्हणून बाजाराला नावं ठेवतो. बघायचं ते पगाराची स्लिप, नोकरीचं पत्र आणि आधीच्या मालकाचा फोन नंबर. भाडं हातातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असलं की उशीर सहसा होत नाही. सोसायटीबाबत सांगायचं तर आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने घर भाड्याने देताना आगाऊ कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पोच सोसायटीला द्यावी, पण 'कमिटी इंटरव्ह्यू घेईल' या थाटाला बळी पडू नये.

किल्ली देण्याच्या दिवशी एक तास हाताशी ठेवावा. भाडेकरूला बरोबर घेऊन खोलीखोलीतून फिरायचं, मोबाइलवर व्हिडिओ काढायचा: मीटरचं रीडिंग, ओट्याच्या कडेचा टवका, हॉलच्या भिंतीवरचे आधीचे खिळे, बाथरूमच्या दाराची खाली फुगलेली फळी, पंखे किती आणि कुठल्या कंपनीचे, किल्ल्यांचे जुडगे किती. तो व्हिडिओ दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर राहू द्यायचा. पुण्या-मुंबईत मालक आणि भाडेकरूची भांडणं बेदखलीवरून क्वचित होतात, होतात ती शेवटच्या दिवशी डिपॉझिटमधून कापलेल्या रंगाच्या पैशांवरून. दोन-तीन वर्षं माणसं राहिली की भिंत मळणारच, ती मळण्याचंच तर भाडं घेतलं. फुटलेलं बेसिन वेगळं. काय कापायचं ते करारात आधी लिहिलं असलं, की शेवटचा दिवस गोडीत जातो.

परदेशात राहून बाणेर किंवा ठाण्यातला फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांसाठी एक सूचना. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने त्यातून सुमारे ३१.२ टक्के कर कापून सरकारजमा करायचा असतो. पुष्कळ भाडेकरूंना हे माहीतच नसतं आणि मालकही सांगत नाही. पुढे नोटीस येते ती भाडेकरूला. भाडं घ्यायचं तेही एनआरओ खात्यात, आईच्या नाही.

पहिला करार संपत आला की मालकाच्या कानावर येतं, शेजारचा फ्लॅट २४,०००ला गेला. आपला २२,०००लाच आहे. हात शिवशिवतात. दोन हजार वाढवले तर वर्षाचे २४,००० जास्त, पण भाडेकरू निघून गेला तर एक महिना रिकामा, तो २४,०००चा. नव्या एजंटला १२,०००. रंगाला कमीत कमी १५,०००. एकूण ५१,०००. दोन वर्षं जास्तीचं भाडं घेऊनही तीन हजारांचा खड्डा राहतो. तेच वेळेवर पैसे टाकणाऱ्या कुटुंबाला पाच टक्के, म्हणजे ११०० रुपये वाढ सांगून ठेवून घेतलं, तर दोन वर्षांत २६,४०० जास्तीचे येतात आणि चौथं वर्ष संपलं तरी हाच मालक पुढे असतो.